स्रोत : प्रत्यक्ष पाहणी

…नाही नाही, मॅडम, ती शाल पिशवीतून काढूच नका. एकदा घडी मोडली की दुकानदार परत घेत नाही — आणि तुम्हाला ती परतच करावी लागणार आहे. नाहीतर दुसरा वक्ता शोधा आणि त्याच्या खांद्यावर घाला. बसा पण. आलात तशा बसा. धम्मप्रिया मॅडम ना? कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता, फोनवर बोललो आपण. घर सापडायला त्रास नाही ना झाला? बुधवार पेठेतल्या बोळांत जुने पोस्टमन चुकतात — काय? माझ्याच नकाशावरून आलात? थेट दारापर्यंत? हं. दारातला हौद पण दिसला असेल त्यात. मीच टाकलाय तो हौद. कशाला टाकला, विचारा. पाणी तर त्यात कधी नसतं.

व्याख्यानाचा विषय काय म्हणालात — ‘मुक्त सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन खासगीपणा’. वा. पोरांसमोर उभा राहून मी खासगीपणावर बोलायचं. बोलता येतं हो मला, तो प्रश्न नाही. झोपेत बोलेन. टपाल खात्यात जन्म गेला, स्टेशनवर सॉर्टिंगला होतो — गाडीतून उतरलेल्या बॅगा फोडायच्या आणि कुठलं पत्र कुठल्या गावच्या खणात जायचं ते बघून भराभर फेकायचं. अख्ख्या जिल्ह्याचे पत्ते हातावेगळे केले, पण कुणाचा पत्ता कुणाला सांगितला नाही. लोक यायचे की — ‘साहेब, अमक्याचं पत्र कुठून येतं तेवढं सांगा.’ सावकार यायचे, नवरे यायचे, एकदा तर ज्याची मुलगी कुणी पळवली होती असा बाप आला होता, रडत. नाही सांगितलं. नियम होता, आणि नियम मला आवडायचे. रिटायर झाल्यावर हाताला काम नाही, म्हणून कॉम्प्युटर शिकलो, आणि मग हे मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे आतली वीण कुणालाही उघडून बघता येते अशा सॉफ्टवेअरचं, वेड लागलं — त्याचं कसंय, आपण चादर घ्यायला गेलो की पहिल्यांदा काय करतो? उलटी करून बघतो. मागची वीण दाखवत नसेल त्या दुकानातून सोलापूरचा माणूस चादर घेईल का? पण फोन घेतो. मागनं काय विणलंय कुणाला माहीत नाही, ‘मला मान्य आहे’वर बोट ठेवतो आणि लागतो कामाला. मला काय मान्य आहे? काय की! परवा चप्पल घ्यायला गेलो, बिल करायच्या आधी पोरगी म्हणते, ‘काका, नंबर?’ म्हटलं, आठ. ती म्हणे मोबाईलचा. म्हटलं, चप्पल पायात घालायची आहे, फोनला नाही. देईना ती चप्पल! शेवटी अनवाणी नाही, पण जुन्याच चपलेत घरी आलो — तत्त्व म्हणून. दोन दिवसांनी अंगठा तुटला तत्त्वाचा.

हसा, हसा. माझ्या मुलीलाही हसू यायचं. मनाली तिचं नाव. ती म्हणायची, बाबा, तुम्ही जगातल्या सगळ्या कंपन्यांपासून लपलाय, पण त्यांच्यातलं कुणी तुम्हाला शोधतंय का आधी बघा ना.

तर नकाशा. तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या पोरांसाठी सांगतो असं समजा — हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही. जगभरची आपल्यासारखी माणसं बसून काढतात, कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. मला तर मुंगळ्याला गूळ सापडल्यासारखं झालं. सॉर्टरच्या डोक्यात गावं, गल्ल्या, बोळ सगळे कुजत पडले होते, ते बाहेर काढायला जागा मिळाली. सकाळी फिरायला जायचं, घरी येऊन काढायचं. महापालिकेच्या कागदावर गल्लीचं नाव एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं — मी लोकांचं लिहायचो. आणि प्रत्येक फेरीची नोंद करताना खाली एक ओळ भरायची असते, ही माहिती कुठून आणली — स्रोत. बाकीचे लोक उपग्रहाचा फोटो बघून काढतात नि तसं लिहितात. मी कायम लिहायचो, ‘प्रत्यक्ष पाहणी’. म्हणजे मी स्वतः, या पायांनी, तिथे उभा राहिलो होतो. लई अभिमान होता मला त्या दोन शब्दांचा. नाव घेतलं होतं ‘टपालवाला’. हे टोपणनाव फार सुरक्षित वाटायचं — आणि मग मीच ज्याला त्याला सांगत सुटायचो की टपालवाला म्हणजे मीच बरं का.

जावयालाही सांगितलं होतं. नातीच्या नामकरणाला सगळे जमले होते, मी आपला लॅपटॉप उघडून — पाहुणे जेवतायत आणि मी नकाशा दाखवतोय. जावई, यशपाल, पुण्याला कंपनीत मोठ्या पगारावर. तो एकटाच कौतुकानं बघत होता. मला काय भरून आलं! बाकी सगळ्यांना वाटतं म्हातारा रिकामटेकडा आहे, याला कळतंय. तसा तो मला पहिल्यापासूनच आवडला होता. मनालीला बघायला आले तेव्हा लोक काय विचारतात? पगार, घर, शेती. मी त्याला विचारलं, कॉम्प्युटरवर सिस्टीम कुठली वापरता? तो म्हणाला, मुक्तवाली. संपलं. माझ्या दृष्टीनं बघण्याचा कार्यक्रम तिथेच संपला. पोहे द्यायला वाकलेल्या पोरीला त्यानं एक प्रश्न विचारला नव्हता, माझ्याशीच बोलत बसला होता — हे आता आठवतं. तेव्हा वाटलं, मुलगा विद्वान आहे.

तुम्ही चहा घ्या, गार होतोय. शेंगाची चटणी नेता का थोडी? शेजारच्या गोजरबाईंनी कुटलेली आहे, मिक्सरची नाही.

काय सांगत होतो — हां, यशपाल. त्यानं घरात कॅमेरे लावले. सुरक्षेसाठी म्हणे. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, आणि त्यातून बोलताही यायचं. ती इकडे दूध तापवत असायची आणि हा तिकडे ऑफिसमधून — ‘मनाली, गॅस बारीक कर, उतू जातंय.’ तिनं मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी विचारलं, कॅमेऱ्याची कंपनी कुठली, रेकॉर्डिंग कुणाच्या सर्व्हरवर जातं? पोरगी काय सांगतेय आणि बाप काय विचारतोय! मला वाटलं, परदेशी कंपनीनं बघायला नको. नवऱ्यानं बघायला नको असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मग तिचा फोन कुठे आहे ते त्याला दिसायला लागलं, मग तिचे मेसेज, मग भाजी आणायला एवढा वेळ का लागला, आणि मग हात उचलायला लागला. तेव्हा निघून आली, पोरीला घेऊन. इथेच आली, याच घरात, तुम्ही बसलाय त्या कॉटवर पोरगी झोपली होती.

इथे राहणं शक्य नव्हतं, तो दोनदा येऊन गेला दारात. केस आहे कोर्टात, तारखा पडतायत, तोवर कुठंतरी ठेवायला पाहिजे. आणि तिथे मात्र, मॅडम, मी कामाला लागलो. रिटायर झाल्यापासून वाचलेलं सगळं पणाला लावलं. तिचा फोन पुसून स्वच्छ केला, मुक्त सिस्टीम घातली, नवं सिम, जुने सगळे अकाउंट बंद, लोकेशन बंद, पोरीच्या घड्याळातलं सुद्धा काढलं. आमच्या दोघांत बोलायला कुलूपबंद ॲप — मधल्या कुणालाच वाचता येणार नाही असं. ती म्हणाली पण, बाबा, तुमच्या वेडाचा उपयोग झाला बघा. मी काय फुललो. माझ्या बरोबर सॉर्टिंगला असलेल्याची बहीण आहे, सावित्रम्मा, विधवा बाई, अक्कलकोटच्या पुढे एका गावात राहते. अर्धं गाव कानडी बोलतं, अर्धं मराठी, सावित्रम्मा दोन्ही एकाच वाक्यात बोलते. तिच्या मागच्या दोन खोल्यांत मनालीला ठेवलं. कुणाला पत्ता नाही. सख्ख्या भावाला सांगितलं नाही मी माझ्या.

आणि दर आठवड्याला एसटीनं जायचो भेटायला. फोन घरी ठेवून जायचो, बघा की हुशारी! पुण्यात बसून तो माझ्या फोनवर नजर ठेवेल म्हणून. पण हातात वही — नाही, वही पण नाही, नुसतं डोळ्यात साठवायचो. कारण ते गाव नकाशावर कोरं होतं. एक रस्ता आणि एक ठिपका. तुम्ही समजू शकाल, तुम्ही त्यातल्या आहात — कोरं गाव दिसलं की कसं होतं ते. मनाली धुणं धुतेय, नात शाळेत आहे, मी काय करू? फिरायचो. विहीर, पिठाची गिरणी, मारुती, विहार, शाळा, शाळेला जायची पाऊलवाट. घरी येऊन रात्री काढायचो. म्हणजे काही चोरून नाही, चांगल्या भावनेनं — पोरगी जिथे राहते ते गाव कोरं कसं ठेवायचं? वाटायचं, मी तिची काळजी घेतोय. हसू नका. आता नाही हसलात, मला माहीत आहे.

तुमच्या लक्षात आलंच असेल. टपालवाला नावाचा माणूस वर्षानुवर्षं फक्त सोलापूर शहर काढतो. बोळ न् बोळ. आणि एकदम एका हिवाळ्यात शहर सोडतो आणि अक्कलकोटच्या पलीकडचं एक गाव काढायला लागतो. दर आठवड्याला. गिरणीपासून घरापर्यंत. कोण कधी काय काढलं ते सगळं उघडं असतं, कुणीही बघावं — तेच तर आपलं तत्त्व आहे ना, काही लपवायचं नाही. आणि प्रत्येक नोंदीखाली माझ्याच हातानं — प्रत्यक्ष पाहणी.

यशपालला काही फोडावं लागलं नाही. कुलपं सगळी शाबूत होती हो. सावित्रम्मानं सांगितलं ते असं — शाळा सुटली, हा झाडाखाली उभा, हातात पेढ्यांचा पुडा. पोरगी बापाला बघून गेली धावत, जाणारच. त्यानं तिचा हात धरला आणि गाडीकडं चालायला लागला. काही आरडाओरडा नाही, अगदी शांत. सावित्रम्मा गिरणीतनं दळण घेऊन येत होती, तिनं पिठाचा डबा तिथेच टाकला आणि सुरू केलं, ‘यारू नीनू? कोण रे तू? बिडो! सोड पोरीला, बिडो!’ गिरणीवाला आला, विहिरीवरच्या बाया आल्या. त्याला सोडावा लागला हात. कपडे झटकले त्यानं आणि सगळ्यांना नमस्कार करून गेला म्हणे. नमस्कार करून.

मला माहीत नव्हतं कसं सापडलं ते. मी फोन तपासले, तिचा, माझा. सावित्रम्मावर संशय घेतला, मॅडम. त्या बाईला विचारलं मी, कुणाला बोललात का? ती बिचारी डोक्याला हात लावून बसली. मग यशपालचाच फोन आला मला. बाबा म्हणतो तो मला अजून. ‘बाबा,’ म्हणाला, ‘नकाशा फार सुंदर काढलाय तुम्ही. गिरणीवरून डावीकडे वळलो, शाळा समोरच.’

हे ऐकून घेतलं मी. आणि खरं सांगू का — सांगू नये, पण — त्या वेळी, त्या क्षणाला सुद्धा, आत कुठंतरी बरं वाटलं की नकाशा बरोबर होता. हे मी मनालीला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक.

मनालीला बाकीचं सांगावंच लागलं. म्हणाली, दाखवा बघू, आम्ही कुठे आहोत त्यात. लॅपटॉप उघडला. तिनं सावित्रम्माचं घर मोठं करून बघितलं. मी घराच्या भिंतींची रेघ अगदी जशीच्या तशी काढलेली, मागच्या अंगाला पत्र्याचा आडोसा — ‘बाबा, न्हाणी पण काढलीत?’ एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पुसतो, आत्ता पुसतो. पुसायला गेलो तर पुसल्याची पण नोंद राहते! आधी काय होतं, कुणी पुसलं, केव्हा पुसलं. शिसपेन्सिलीचं सोपं होतं हो. मुक्त जगात खोडरबर नाही.

तेव्हापासून नकाशाला हात लावलेला नाही. म्हणून म्हणतो, तुमच्या पोरांना काय सांगू? कंपन्यांपासून सावध राहा म्हणून सांगू? तेही खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. कंपन्या वाईट आहेतच. पण माझ्या पोरीला कंपनीनं नाही दाखवून दिलं. मी दिलं, फुकट, कुणाचाही दबाव नसताना. हे सांगायला शाल घेऊन उभा राहू?

ती? ती आता कुठे आहे मला माहीत नाही. नाही, खरंच. दुसऱ्याच दिवशी गेली, पोरीला घेऊन. म्हणाली, या वेळी तुम्हाला सांगणार नाही, बाबा, आणि तुम्ही विचारायचं नाही. म्हटलं, बरोबर आहे. पुढं फोनवर म्हणाली, नोकरी लागली, पोरीला शाळा मिळाली, इथलं चांगलं चाललंय, हलवू नका मला आता. जिवावरचा निर्णय आहे हो तिचा, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणाला कळता कामा नये. रविवारी फोन येतो तिचा, कुलूपबंद ॲपवरूनच. पोरगी बोलते, ती बोलते, मी हवापाण्याचं बोलतो. ठिकाण विचारत नाही. एवढं तरी पाळतो.

काय? अंदाज पण नाही? — अहो, अंदाज… विचारलं नाही म्हणजे कानात बोळे घातले नाहीत मी. सॉर्टरचा कान आणि डोळा, पाकिटावरचा अर्धा शिक्का बघून गाव सांगायचो. मागनं आवाज येतात ना फोनमध्ये. ट्रॅक्टर जातात रांगेनं, मोठ्यानं गाणी लावून, ती गाणी उसाच्याच ट्रॅक्टरवर असतात. बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो. म्हणजे कारखाना. मध्येच भोंगा होतो, तो लांबून नाही, घरातच वाजल्यासारखा, पोरगी बोलायची थांबते तोवर. म्हणजे राहायला कारखान्याच्या वसाहतीतच. आता जिल्ह्यात कारखाने काय कमी आहेत? शेताला विहीर नसेल पण गावाला कारखाना आहे. पण पोरगी परवा म्हणाली, आजोबा, मला नवे बूट घेतले, अकलूजला जाऊन घेतले. झालं की! अकलूज बाजाराचं गाव. म्हणजे त्या पट्ट्यातले दोन-तीनच उरले. त्यातले पण गाळायचे — ती म्हणते पंढरपूरच्या गाडीनं आम्ही कुठं कुठं जातो, स्टॉपवर जागा मिळत नाही, शिवाय वर्गात निम्मी पोरं ऊसतोडीवाल्यांची. मी डोळे मिटून खण आठवला, त्या लाइनची बॅग कशी भरायचो आम्ही, आणि एकच गाव बसतं सगळ्यात, मॅडम, एकच. श्रीपूर. बघा, न विचारता, घरात बसून! ना फोन फोडला, ना—

…

…

नाही. बसा. नाही — बसू नका.

मी नाव घेतलं ना. घेतलं. तुम्ही ऐकलंत. नका मान हलवू, ऐकलंत तुम्ही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. तुम्ही चांगल्या आहात, कुणाला सांगणार नाही, मला माहीत आहे. सावित्रम्माच्या गावातले लोक पण चांगलेच होते. तुम्ही मला विचारलंसुद्धा नव्हतं धड. अंदाज पण नाही का, एवढंच म्हणालात, सहज, आणि मी — तो पळवलेल्या मुलीचा बाप गुडघ्यावर बसला होता माझ्यासमोर, त्याला नाही सांगितलं. आणि तुम्ही चहा प्यायला आलात.

नाही, शपथ नको. तुमच्या शपथेचा प्रश्न नाही. तुमच्या जागी उद्या दुसरं कुणी बसलं असतं, त्यालाही सांगितलं असतं. मला ठेवता येत नाही. तिला कळलं होतं ते माझ्या आधी.

आता तिला सांगायला पाहिजे. काय सांगायला पाहिजे म्हणजे? की मला कळलंय. आणि मी बोललोय. मग तिला हलावं लागेल, होय, पोरीची शाळा अर्ध्यात, नवे बूट आणि सगळं. किंवा मी गप्प बसायचं आणि तिनं तिथं निर्धास्त राहायचं, माझ्या तोंडाच्या भरवशावर. नको. माझं तोंड बघितलंत तुम्ही. ठरवायचं ते तिनं ठरवू दे. यापुढं रविवारचा फोन मला करायचा की नाही, तेही तिनंच ठरवू दे.

उठा, मॅडम. चटणी राहू द्या, शाल तेवढी न्या. तुमच्या देखत नाही करणार फोन, तुमच्या देखत आणि काय काय बोलून बसेन. नाही, धीर वगैरे नको, मला धीर दिला की मी बोलत सुटतो.

लागला. रिंग जातेय. निघा म्हटलं ना तुम्हाला.